खालच्या किनाऱ्यावरची एकशे सत्त्याऐंशी शेवाळे

मी, बेथिया ड्रेव्हर, राहणार नेदरक्वॉय, स्कार्वे बेट, ऑर्कनी, वय वर्षे शहात्तर, धंदा आधी शेवाळ वेचणे व वाळवणे, नंतर टपाल कचेरी, आणि जन्मभर कोणी विचारो न विचारो सभेत उभे राहून बोलणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असा दाखला परिचारिका मार्जोरी फोबिस्टर यांनी दिला आहे. मेंढ्यांचे आणि भिंतीचे कज्जे पाहणाऱ्या मेंढी पंचायतीचे मत वेगळे असू शकेल, पण त्यांना कोणी विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आजवर ते आणायचा प्रयत्न केला, त्यांपैकी बहुतेक जण चर्चमागे पुरलेले आहेत.

ऑर्कनीच्या मुख्य गावातले माझे वकील हेच या मृत्युपत्राचे व्यवस्थापक. त्यांनी मला फोनवर सांगितले, "बाई, दोन पानं पुरतात." मी म्हणाले, "तुमच्या आयुष्याला पुरत असतील." त्यांनी हे मृत्युपत्र माझ्या दफनानंतर आठ दिवसांच्या आत बेटाच्या सभागृहात मोठ्याने वाचावे. मध्ये पाणी प्यायला थांबले तर चालेल, वाक्ये गाळलेली चालणार नाहीत.

कलम एक. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द. पहिले मी पुतण्यावर रागावून केले होते, दुसरे चर्चवर, तिसरे सगळ्यांवर. हे चौथे मी कोणावर रागावून करत आहे, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम दोन. नेदरक्वॉयचे घर, गोठा आणि परसातली बटाट्याची जमीन माझा पुतण्या ग्रेगर ड्रेव्हर, राहणार एडिनबरा, याला द्यावी. गेल्या नाताळात तो दोन दिवस आला होता. त्याने खिडकीतून समुद्राचे फोटो काढले आणि म्हणाला, "आत्या, इथे सुट्टीसाठी भाड्याने द्यायला झकास होईल. फक्त तो वास घालवायला हवा." तो वास मी एकोणचाळीस वर्षे घरात वाळवलेल्या शेवाळाचा आहे. तो भिंतींत गेला आहे, गादीत गेला आहे आणि बहुधा माझ्यातही गेला आहे. निम्मा तरी माझ्याबरोबर जाईल. उरलेला ग्रेगरने फुकट वापरावा.

घराबरोबर त्याला समुद्रभिंतीचा बावीस वाव (सुमारे एकशे तीस फूट) तुकडाही मिळतो. जे न्यायाधीश बेटावर कधी आलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बेटाला सगळीकडून दगडी भिंत आहे. आत गवत, ते गाईंचे. मेंढ्या भिंतीबाहेर, समुद्राच्या बाजूला, आणि त्या जगतात शेवाळावर. प्रत्येक घराच्या वाट्याला भिंतीचा एक तुकडा आहे. हिवाळ्यात समुद्र तो पाडतो आणि उन्हाळ्यात घरमालकाने तो आपल्या हाताने उभा करायचा. मजूर लावायचे नाहीत. भिंत पडलेली राहिली, तर तिसऱ्या वर्षी घर पंचायतीकडे जाते. ग्रेगर आठवड्यातून चार दिवस व्यायामशाळेत वजने उचलतो, असे त्यानेच मला सांगितले. त्याची सोय झाली याचा मला आनंद आहे.

कलम तीन. माझ्या बारा मेंढ्या अप्परब्रेकच्या मॅन्सी हार्कसला द्याव्यात. मॅन्सी माझा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. आम्ही तेवीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. जाहीर सभेतले धरलेले नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर तो स्वतःच्या सोयीने सांगणार नाही.

१९७४ च्या मार्चमध्ये त्याचा मेंढा भिंतीच्या भगदाडातून आत शिरला. भगदाड त्याच्या तुकड्यात होते. तो म्हणतो माझ्या. मेंढा सरळ माझ्या पडवीत आला. तिथे तक्त्यांवर चिकटवलेली शेवाळे वाळत होती. त्याने एक्केचाळीस ते अठ्ठावन्न नंबरचे कागद खाल्ले, कागदासकट, टाचणीसकट. त्यातले एक्केचाळीस म्हणजे राणीची झालर, गर्द तांबडी, कडेला चुण्या असलेली. ती मला सोळा वर्षांत एकदाच मिळाली होती. माझ्या कामाचा इतका आवडीने फडशा पाडणारा वाचक मला पुन्हा भेटला नाही.

मी पंचायतीत दाद मागितली. मॅन्सी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला, "मेंढ्यानं शेवाळ खाल्लं. मग काय त्यानं पाव-लोणी खायचं?"

मी म्हणाले, "ते कागदावर लावलेलं होतं! नंबर घातलेलं होतं!"

"त्याला नंबर वाचता येत नाहीत गं, बेथिया."

"तुला तरी कुठे येतात!"

"बघा, आता माझ्यावर आली. मी एवढंच विचारतो, बेटाचा कायदा काय सांगतो? शेवाळ मेंढीचं. ते ओलंच असलं पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

पंचायत हसली आणि निकाल लागला. मेंढीला बेटावरील कोणतेही शेवाळ खाण्याचा हक्क आहे, ते कोठे व कशावर ठेवले आहे हे पाहण्याची जबाबदारी मेंढीवर नाही. हा निकाल नोंदवहीत आहे. मी जगातल्या क्रांत्यांचे इतिहास वाचले आहेत. राजे, सरदार, धर्मपीठे यांनी माणसांवर काय काय लादले ते मला ठाऊक आहे. पण मेंढ्याची बाजू इतक्या गंभीरपणे घेतलेली मी कोणत्याही इतिहासात वाचली नाही.

मॅन्सीला मी माफ करते. बारा मेंढ्या मात्र त्या मेंढ्याच्याच वंशातल्या आहेत आणि भिंतीवरून उडी मारतात. त्यांच्या मागे धावताना त्याला माझी आठवण होईल.

कलम चार. नऊ खंडांतली प्रवचने चर्चला परत द्यावीत. दिवंगत पाद्री महाशयांनी ती मला सुधारण्यासाठी दिली होती, कारण मी रविवारी ओहोटीला जात असे. मी त्यांना म्हटले होते, "ओहोटी रविवारी मी ठेवलेली नाही, तक्रार वर करा." नऊही खंड मी रोज वापरले. शेवाळ दाबून वाळवायला इतके जड आणि सपाट दुसरे काही बेटावर नव्हते. चौथ्या खंडावर, क्षमेच्या प्रकरणात, एका शेवाळाचा ठसा उमटला आहे. त्याबद्दल मी दिलगीर नाही. त्या प्रकरणात तेवढेच पाहण्यासारखे आहे.

बँकेत जे असेल त्यातून माझी शवपेटी, खड्डा आणि कलम आठमधला चहा करावा. उरले तर परिचारिकेच्या मोटारीला नवी चाके बसवावीत.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट.

मी आणि दुसरी एक व्यक्ती, जिचे नाव कलम सातमध्ये आहे, अशा दोघींनी स्कार्वेच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची यादी केली आहे. एकशे सत्त्याऐंशी जाती. प्रत्येकीचा कागद वेगळा. त्यावर नाव, आमच्या आयांनी ठेवलेले आणि शास्त्रातले, तारीख, कोणता खडक, पाणी किती उतरले होते आणि संकलकाचे नाव. काम सोपे आहे. शेवाळ समुद्राच्याच पाण्यात पांढऱ्या ताटात तरंगत ठेवायचे, खालून कागद सरकवायचा, सुईने एकेक फांदी उलगडायची, अलगद उचलायचे, वर जुना पायमोजा पसरायचा म्हणजे चिकटत नाही, आणि मग प्रवचने. हे एकोणचाळीस वर्षे केले की यादी होते.

ही यादी आज उपयोगाची का, ते सांगते. एका कंपनीला आमच्या दक्षिण टोकाखालचे माणसाहून उंच शेवाळाचे जंगल यंत्राने खरवडून न्यायचे आहे. आम्हीही शेवाळ वेचतो. वादळाने किनाऱ्यावर टाकलेले आम्ही उचलतो, हाताने कापायचे असेल तर वरून कापतो आणि मूळ ठेवतो. यंत्र मुळासकट ओढते. त्या जंगलातल्या देठांवर आणि देठांच्या सावलीत एकशे सत्त्याऐंशीपैकी चौसष्ट जाती वाढतात आणि त्या बेटावर दुसरीकडे कुठेच नाहीत. परवान्याची सुनावणी सोमवार, २२ सप्टेंबर १९९७ रोजी आहे. जिल्हा समितीसमोर एकच कागद आहे, सरकारी पाहणीचा अहवाल. त्यात लिहिले आहे, "स्कार्वे, दक्षिण किनारा. तेवीस जाती, सर्व सामान्य. उल्लेखनीय काही नाही."

उल्लेखनीय काही नाही! हे तीन शब्द वाचून मी नोव्हेंबरात पेटले ती फेब्रुवारीपर्यंत विझले नाही. मी सभागृहात बोलले, धक्क्यावर बोलले, विमानाची वाट पाहणाऱ्या तीन माणसांसमोर बोलले आणि त्यांतला एक जर्मन होता. मी म्हणाले, जे डोळे पगार घेऊन आंधळे होतात त्यांना चष्मा कोण देणार? मी म्हणाले, कार्यालयातल्या खुर्चीत बसून समुद्राची खोली मोजणाऱ्यांनो, एकदा गुडघाभर पाण्यात या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅन्सीने नाही वाजवल्या. तो धक्का समितीचा अध्यक्ष आहे आणि कंपनीने धक्का दुरुस्त करून द्यायचे कबूल केले आहे. बोटी लागायला धक्का हवा, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण धक्क्यासाठी समुद्र द्यायचा म्हणजे दार बसवण्यासाठी घर विकण्यासारखे आहे.

हे सगळे मी अजूनही म्हणते. फक्त मी ज्यांच्यावर रागावले होते ती माणसे चुकीची होती.

कलम सहा. समुद्राला दोन स्वभाव आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते, आणि खालचा किनारा उघडा पडतो. अर्ध्या चंद्राला भांग असतो. तेव्हा समुद्र आळसावतो, थोडा चढतो, थोडा उतरतो आणि खालचे काही दाखवत नाही. उधाणाच्या आठवड्यात बेटावरचे प्रत्येक धडधाकट माणूस किनाऱ्यावर असते. म्हणून आमची रीत अशी की पाहुण्याला भांगातच बोलवायचे. लग्ने भांगात, बारसे भांगात, पाद्र्याची भेट भांगात. घरात माणसे असतात, चूल पेटलेली असते, कोणी ओल्या बुटांनी येत नाही. स्कार्वेवर आलेल्या पाहुण्यांनी आमचा खालचा किनारा शंभर वर्षांत पाहिलेला नाही आणि कोणाला त्याचे काही वाटलेही नाही.

पाहणी करणाऱ्या कार्यालयाने गेल्या वर्षी विचारले, आमची दोन माणसे केव्हा येऊ देत? बेटाच्या मंडळाची चिटणीस मी. उत्तर मी दिले. पत्राची प्रत माझ्या कपाटात आहे आणि ती या मृत्युपत्राला जोडली आहे. "आपण जूनच्या अखेरच्या आठवड्यात यावे. तेव्हा भांग असल्याने सर्व मंडळी मोकळी असतील व आपला यथास्थित पाहुणचार करता येईल."

ती आली. एक गृहस्थ आणि एक बाई, दोघेही नव्या बुटांत, दोघेही सभ्य. दोन दिवस होती. पहिल्या दिवशी सकाळी अकराला पाणी त्यातल्या त्यात खाली असणार होते. त्या दिवशी दहा वाजता मी सभागृहात त्यांचे स्वागत केले. मी जमीनदारांच्या जुलमापासून सुरुवात केली. पन्नास मिनिटे बोलले. त्या बाईंनी दोनदा खिडकीबाहेर पाहिले. मला वाटले, त्यांना गहिवरून आले. त्यानंतर चहा झाला, जवाची भाकरी आणि चीज झाले, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा पाणी परत फिरले होते. उरलेल्या एका दिवसात त्यांनी वरच्या खडकांवर तेवीस जाती मोजल्या. त्यांनी खोटे काहीच लिहिलेले नाही. मी दाखवले तेवढे त्यांनी पाहिले, आणि मी त्यांना किनाऱ्याऐवजी स्वतःला दाखवले.

हे मला आपणहून कळले नाही. फेब्रुवारीत माझ्या स्वयंपाकघरात, मी एका नव्या भाषणाची टाचणे काढत असताना, कलम सातमधली ती व्यक्ती म्हणाली, "बेथिया, त्यांना भांगात कुणी बोलावलं?"

मी म्हणाले, "रीतच आहे ती."

"रीत पाहुण्यांसाठी आहे. ते तर कामाला आले होते."

माझ्याकडे उत्तर नव्हते. शहात्तर वर्षांत असे प्रथमच झाले, म्हणून तारीख लिहून ठेवली. अकरा फेब्रुवारी. या कलमातला राग माझ्यावर आहे आणि मृत्युपत्रही त्यासाठीच.

कलम सात. ती व्यक्ती म्हणजे टिना हार्कस, मॅन्सीची बायको. मॅन्सी, हे वाचले जात असताना हातात कप असेल तर खाली ठेव.

मेंढ्याच्या निकालानंतर तीन आठवड्यांनी उधाण होते. दुपारी माझ्या मागच्या दारी टिना उभी. हातात खाण्याच्या समुद्री गोगलगाई वेचायची बादली. गोगलगाई वरती, त्यांच्याखाली ओले फडके आणि फडक्यात राणीची झालर.

"हे एक्केचाळीस," ती म्हणाली.

"काय एक्केचाळीस?"

"आमच्या मेंढ्यानं खाल्लेलं. बघ, तेच आहे ना? त्याच खडकावरचं आणलंय."

"तुला काय ठाऊक कुठल्या खडकावरचं?"

"पंचायतीत अर्धा तास तेच तर सांगत होतीस."

"म्हणजे कुणीतरी ऐकत होतं!"

"मी चहा वाटत होते ना. बाकीच्यांना डुलकी लागली होती."

त्यानंतर प्रत्येक उधाणाला ती गोगलगाई वेचायला जायची. बेटावर कोणाला शंका आली नाही, कारण गोगलगाई ती खरोखरच आणायची. अठ्ठ्याहत्तर साली माझे कमरेचे हाड मोडले आणि खालचा किनारा मला बंद झाला. तेव्हापासून तिथला प्रत्येक कागद टिनाचा. मी पुस्तके चाळून नाव शोधायची. पण एकशे बारा आणि एकशे तेरा मी एकच ठरवले होते, भिंगाखाली पाहून ठरवले होते. टिना म्हणाली, "दोन वेगळी आहेत. हे बोटाला चिकटतं, ते नाही." मी तिला वनस्पतिशास्त्रावर एक छोटेसे भाषण दिले. तिने ऐकले आणि पुन्हा म्हणाली, "पण चिकटत नाही ना ते." आठ वर्षांनी एका विद्यापीठातून उत्तर आले. दोन वेगळी आहेत.

जंगलातल्या त्या चौसष्ट कागदांवर संकलकाची जागा कोरी आहे. तिने नाव घालू दिले नाही. मी म्हणायची, "टिना, नवऱ्याला एवढी कसली भितेस?" ती म्हणायची, "भीत नाही गं. पण तुला त्याच्याशी सभेत भांडायचं असतं, मला रोज जेवायला बसायचं असतं." आणि माझे नाव मी घातले नाही. मी खूप काही आहे, पण चोर नाही.

मार्चमध्ये मी यादी जिल्हा समितीकडे हरकतीसह पाठवली. उत्तर आले. वरच्या किनाऱ्याच्या नोंदी मान्य. खालच्या चौसष्ट नोंदींना संकलक नाही, सबब त्या धरता येत नाहीत. नियम असा आहे की संकलकाने नाव द्यावे आणि समितीच्या किमान तीन सदस्यांना जागेवर नेऊन जात दाखवावी. ते उत्तर मी टिनाला वाचून दाखवले.

"आता तरी नाव घालूया का?" मी विचारले.

"तू जिवंत असेपर्यंत नको."

"माझ्या जगण्याची काय अडचण आहे?"

"तू भाषण करशील. माझ्यावर. मॅन्सीसमोर. मी तिथे उभी असेन आणि तू म्हणशील, या थोर स्त्रीनं, या मूक स्त्रीनं..."

"नाही करणार."

"बेथिया."

"बरं, करीन."

"मग नंतर बघू."

म्हणून हे नाव आज इथे लिहिले आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ऑगस्ट मला पुरेल, त्यापुढे नाही. टिनाच्या कामात खोळंबा होईल इतकी मी लांबणार नाही.

एकशे सत्त्याऐंशी कागद, अकरा पेट्या, पांढरी ताटे, सुया, भिंग आणि पायमोजे टिना हार्कस हिला द्यावेत. ते ठेवायला जागा हवी, म्हणून पडवीही तिची, ती असेपर्यंत. ग्रेगरने तिथे खाट टाकू नये. चौसष्ट कागदांवर सही करायची की नाही हे तिने ठरवावे. तिने केली नाही तरी कागद तिचेच. ते तिच्या हातून काढून समितीपुढे ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापकांना नाही, पंचायतीला नाही, समुद्र वाचवायला निघालेल्या कोणत्याही सज्जनाला नाही. मॅन्सीला एवढेच सांगते. ती माझ्या बाजूने तुझ्याविरुद्ध कधी एक शब्द बोलली नाही. मी वाट पाहिली, तेवीस वर्षे.

कलम आठ. माझे दफन केव्हाही करा. दफनाचा चहा मात्र गुरुवार, १८ सप्टेंबर १९९७ रोजी, दुपारी साडेचार वाजता, दक्षिण टोकाखाली, भिंतीच्या बाहेर द्यावा. ते या वर्षातले सर्वांत मोठे उधाण आहे आणि पाणी पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाईल. जिल्हा समितीच्या पाचही सदस्यांना माझ्या नावाने निमंत्रण जावे. मेलेल्या मतदाराच्या चहाला नाही म्हणणारा सदस्य ऑर्कनीत अजून निवडून आलेला नाही. कंपनीच्या साहेबांनाही बोलवावे. ते जेवढे घेऊन जाणार आहेत त्याच्या मानाने एक कप जास्त नाही.

प्रत्येकाने गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत. खडक निसरडे आहेत, वारा असेल, चहा थंड होईल, बसायला काही नाही. उधाणाच्या दिवशी गावातल्या सगळ्यांची कामे अडतील. ही वेळ कोणाच्याही सोयीची नाही हे मला ठाऊक आहे. सोयीची वेळ मी एकदा दिली होती.

टिना आली, तर येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती प्लास्टिकमध्ये घातलेला एकेक कागद द्यावा. त्यावरचे शेवाळ जिवंत कुठे आहे ते त्याने तिच्यामागे जाऊन पाहावे, हात लावावा आणि मगच चहा घ्यावा. ज्याला सापडले नाही त्याला चहा नाही, मग तो अध्यक्ष का असेना. टिनाने काही बोलायची गरज नाही. नाव घ्यावे आणि बोट दाखवावे. टिना आली नाही, तर कागद पेटीत राहतील. लोकांनी चहा प्यावा, पाणी चढायच्या आत वर यावे आणि तिला कोणी काही विचारू नये. दोन्ही वेळी माझ्या स्मरणार्थ कोणीही भाषण करू नये. ती जागा माझी आहे आणि मी ती रिकामी ठेवत आहे.

पुरवणी. वरचे सर्व लिहून झाल्यावर आणि साक्षीदार येण्याआधी मी टिनाला बोलावून कलम सात आणि आठ वाचून दाखवले. न विचारता कोणाचे नाव सभागृहात वाचले जाऊ नये. ती उभ्यानेच ऐकत होती, स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या, हात ओले.

"फार लांब लिहिलंयस," ती म्हणाली.

"कापू का काही?"

"राहू दे. मॅन्सीला मी आज जेवताना सांगते. सभागृहात ऐकलं तर त्याला लागेल."

"काय म्हणेल तो?"

"आधी म्हणेल, गोगलगाई तर खऱ्या होत्या. मग विचारेल, त्यातलं शेवाळ आमच्या भिंतीच्या तुकड्याखालचं किती."

"किती आहे?"

"एकवीस."

मी तोंड उघडले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी ते मिटले. मग तिने सर्वांत वरच्या पेटीतला पहिला कागद काढला, माझ्या कानावरची पेन्सिल घेतली आणि कोऱ्या जागेत टी. हार्कस असे लिहिले. शाई पुढे केली तर म्हणाली, "पेन्सिल पाण्यात टिकते. शाई पसरते. एवढी वर्षं काय करत होतीस तू?" उरलेले त्रेसष्ट कागद ती बादलीत घालून घरी घेऊन गेली आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझाच आहे.

(सही) बेथिया ड्रेव्हर
नेदरक्वॉय, स्कार्वे
शनिवार, ३ मे १९९७

आम्ही दोघांनी बेथिया ड्रेव्हर यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले. त्या शुद्धीवर होत्या आणि सही करताना बोलत नव्हत्या.

(सही) मार्जोरी फोबिस्टर, परिचारिका
(सही) विल्यम इस्बिस्टर, दीपगृहाचे निवृत्त रखवालदार